थोर बायकांची पुस्तकं सुचवताना कादंबरी का नको

इतिहासातल्या कर्तबगार बाईवरचं एखादं चांगलं पुस्तक सांगा, म्हटलं की आपल्याकडे हमखास कादंबरीचं नाव पुढे येतं. सांगणारा जाणकार असतो, कादंबरीही बहुतेक वेळा वाचनीय असते, आणि शाळेच्या बक्षीस समारंभाला, महिला दिनाला, भाचीच्या वाढदिवसाला तीच कागदात गुंडाळून दिली जाते. ही सवय आपण मोडावी असं माझं म्हणणं आहे. बाई खरोखर होऊन गेलेली असेल, तर तिच्याबद्दलचं पहिलं पुस्तकही खरंच द्यावं. तिची पत्रं द्यावीत, तिचं आत्मचरित्र द्यावं, नाहीतर कोणीतरी जुने कागद धुंडाळून लिहिलेलं चरित्र द्यावं. कादंबरी नंतर. नाही दिली तरी चालेल.

चरित्रात्मक कादंबरी हा मराठी वाचकाचा लाडका प्रकार आहे, त्यामुळे हे म्हणणं जरा अंगावर येण्यासारखं आहे याची मला कल्पना आहे. पण अडचण कुठे होते ते पाहा. कादंबरीकारानं बखर वाचलेली असते, पत्रं चाळलेली असतात, आणि त्यावर संवाद रचलेले असतात, मनातले विचार घातलेले असतात. कागद कुठे संपला आणि लेखक कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. पुरुषांच्या बाबतीत याचं नुकसान मर्यादित राहतं. एखाद्या पेशव्यावर कादंबरी आली तरी त्याची पत्रं दफ्तरात आहेत, छापलेली आहेत, आणि कादंबरीकार घसरला की कान धरायला इतिहासकार टपलेलेच असतात. बाईच्या नावावर मुळात कागदच थोडा. त्या थोड्याशा कागदावर साडेतीनशे पानांची कादंबरी बसली की तो कागदही झाकला जातो, आणि वीसेक वर्षांनी वक्तृत्व स्पर्धेतली मुलगी कादंबरीतला संवाद त्या बाईचे उद्गार म्हणून ठणकावून सांगते. टाळ्याही त्यालाच पडतात.

आनंदीबाई जोशींचंच घ्या. १९६८ साली श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' आली आणि आनंदीबाई घरोघरी पोचल्या. पुढे नाटक झालं, २०१९ साली त्याच नावाचा चित्रपट आला. आज नुसतं नाव काढलं तरी आधी गोपाळरावच डोळ्यांसमोर उभे राहतात. पोस्टातले कारकून, विक्षिप्त, हेकट, बायकोला शिकवायच्या ध्यासानं पछाडलेले. आनंदीबाई त्यांच्यामागून येते. कल्याणची यमुना, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत मूल गेलं, १८८३ मध्ये नवऱ्याशिवाय अमेरिकेला प्रयाण, ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टरकीची पदवी, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात मृत्यू. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. एवढा गोषवारा कुणालाही पाठ असतो.

आता तिनं स्वतः काय लिहून ठेवलंय ते पाहा. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात तिनं त्याच्या वागणुकीचा वर्षवार हिशेबच मांडलाय. दहा वर्षांची असताना लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत. बारा वर्षांची असताना खुर्च्या आणि पुस्तकं अंगावर फेकलीत, सोडून जाईन अशी धमकी दिलीत. चौदाव्या वर्षी आणखी तऱ्हेतऱ्हेच्या शिक्षा. एवढं सांगून ती थांबत नाही, रडतही नाही. तुमची ती वागणूक चांगली होती की वाईट हे ठरवणं फार कठीण आहे, असं ती म्हणते. ज्या हेतूनं ते केलं तो पाहिला तर बरोबर म्हणावं लागेल. पण लहान मुलीच्या मनावर त्याचा काय परिणाम होऊ शकला असता हे पाहिलं, तर न्यायानं ते चूकच होतं. विशीच्या आसपासची मुलगी हे लिहितेय. तेही अशा नवऱ्याला, ज्याच्यामुळे आपण इथवर पोचलो हे तिला पुरतं ठाऊक आहे.

कादंबरीतले गोपाळरावही तापट आहेत, ते कोणी लपवलेलं नाही. पण तिथे ते पात्र म्हणून रंगतात. आपण त्यांच्या तऱ्हेवाईकपणाला हसतो, चिडतो, आणि शेवटी त्यांच्या दुःखात सामील होतो. पत्रात मात्र न्यायाधीशाच्या जागी ती आहे आणि आपण फक्त ऐकणारे. हे पत्र वाचलेल्या मुलीला आनंदीबाई कळेल ती 'नवऱ्यानं घडवलेली पहिली डॉक्टर' म्हणून कळणार नाही. आपल्याला घडवणाऱ्याच्या पद्धतीवर शांतपणे निकाल देणारी बाई तिला भेटेल. म्हणून काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं आनंदीबाईंचं चरित्र आधी द्यायचं, त्यात पत्रांना जागा आहे. एका बाईनं दुसऱ्या बाईचं चरित्र लिहावं ही गोष्टच त्या काळात अप्रूपाची होती. त्याची भाषा आज जड वाटत असेल तर अंजली कीर्तने यांचं 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व' (१९९७) आहे. ते जाडजूड आहे, पण सगळं एका दमात वाचायची सक्ती कोणी केलेली नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा, की कादंबरी नसती तर आनंदीबाई कोणाला माहीत झाल्या असत्या? खरं आहे. कीर्तन्यांचं पुस्तक कादंबरीनंतर जवळपास तीस वर्षांनी आलं, आणि मधल्या काळात आनंदीबाईंचं नाव कादंबरीनंच जागतं ठेवलं. त्याचं ऋण मान्य करायलाच हवं. माझी तक्रार कादंबरी लिहिणाऱ्याबद्दल नाही, सुचवणाऱ्याबद्दल आहे. चांगलं चरित्र उपलब्ध झाल्यावरही आपण त्याच जुन्या नावावर अडून बसतो, आणि तेही 'इतिहास' म्हणून. दुसरा आक्षेप असतो रसाचा. खरी कागदपत्रं रुक्ष असतात म्हणे. असं म्हणणाऱ्यानं गोडसे भटजी वाचलेले नसतात.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. पुढे त्यांनी सगळी हकीकत लिहून काढली आणि चिं. वि. वैद्यांनी ती १९०७ मध्ये 'माझा प्रवास' म्हणून छापली. हा काही दरबारी इतिहासकार नव्हे. पैशांची चिंता, जेवणाची चिंता, जीव वाचवायची घाई, हे सगळं त्यात आहे, आणि राणी लक्ष्मीबाई त्या गडबडीतून अधूनमधून दिसते. तिचा व्यायाम दिसतो, घोड्यावरची मांड दिसते, आंघोळीचा षोकही दिसतो. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर भटजींची आणि तिची एका विहिरीपाशी गाठ पडते. ती पठाणी वेशात, अंगभर धूळ, तहानेनं व्याकूळ. भटजी पाणी काढायला पुढे होतात तर ती त्यांना अडवते: तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. मग म्हणते, मी अर्ध्या शेर तांदळाची धनीण, मला विधवेला हा उद्योग करायची काही गरज नव्हती. पण धर्माच्या अभिमानानं यात पडले.

पाठीला मूल बांधून घोडा उधळलेला पुतळा आपल्या प्रत्येक शहरात आहे. त्या पुतळ्याला तहान लागत नाही. त्या पुतळ्याला हे सगळं आपण का ओढवून घेतलं असा प्रश्नही पडत नाही. गोडसे भटजींच्या राणीला दोन्ही होतं, आणि सोवळ्याओवळ्याचं भानही सुटलेलं नव्हतं. कोणत्या कादंबरीकाराला हा प्रसंग कल्पनेतून सुचला असता? आणि सुचला असता तरी आपण तो खरा मानला असता का?

रस हा प्रश्नच नाही मग. खरी अडचण वेगळी आहे. खऱ्या कागदातली बाई आपल्या सोयीची नसते. आपल्याला हार घालता येईल अशी बाई लागते, आणि खरी बाई मधेच असं काहीतरी करते की हार हातातच राहतो.

डॉ. रखमाबाईंचं उदाहरण घ्या. अकराव्या वर्षी लावून दिलेलं लग्न त्यांनी मानायचं नाकारलं. नवरा दादाजी भिकाजी यानं १८८४ मध्ये दावा लावला. 'एक हिंदू स्त्री' या नावानं रखमाबाईंनी टाइम्स ऑफ इंडियात पत्रं लिहिली. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगात. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. 'केसरी' त्यांच्या विरोधात होता, हेही या गोष्टीतच येतं. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत-राजकोटला वर्षानुवर्षं दवाखाने चालवले. इथपर्यंत भाषण छान होतं. पण १९०४ मध्ये दादाजी वारला, तेव्हा याच रखमाबाईंनी विधवेची पांढरी वस्त्रं स्वीकारली. ज्याला नवरा मानायचं नाही म्हणून तुरुंगात जायला निघाल्या, त्याच्याच मागे हे. का? याचं उत्तर घोषणेत बसत नाही. समाजात राहून काम करायची तडजोड म्हणता येईल, मनात काही उरलं होतं असंही म्हणता येईल. मोहिनी वर्दे यांचं 'डॉ. रखमाबाई : एक आर्त' वाचताना असे प्रश्न पडतात, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला ते पडायला हवेत असं मला वाटतं. 'प्रेरणादायी शंभर स्त्रिया' छापाच्या पुस्तकात पानाला एक बाई असते. त्यात प्रश्न पडायला जागाच नसते.

या 'पानाला एक बाई' प्रकाराबद्दल आणखी काही लिहावं अशी त्याची योग्यता नाही.

याद्यांमधली दुसरी खोड म्हणजे त्या पुण्यात सुरू होतात आणि फार तर मुंबईपर्यंत येतात. एकोणिसाव्या शतकातल्या शिकलेल्या घरांतल्या चार-पाच बायका, की झाली यादी. सावित्रीबाई फुल्यांचं नाव अलीकडे पहिलं असतं, ते योग्यच. पण पुस्तक सुचवताना पुन्हा कोणीतरी लिहिलेली गोष्टच सुचवली जाते. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळानं काढलेलं 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' ग्रंथालयाच्या कपाटात असतं, तरी ते कोणी उघडत नाही. त्यात त्यांनी जोतिबांना लिहिलेली पत्रं आहेत. ऑगस्ट १८६८ मध्ये नायगावहून लिहिलेल्या पत्रात गणेश नावाच्या पोथी वाचत फिरणाऱ्या ब्राह्मण तरुणाची आणि सारजा नावाच्या अस्पृश्य मुलीची हकीकत आहे. तिला दिवस गेलेले. गावकऱ्यांनी दोघांना पकडून मारत, वाजतगाजत गावातून फिरवलं, आणि जीव घ्यायच्या बेतानं चालले होते. सावित्रीबाई धावत गेल्या. इंग्रजी कायद्याची भीती घालून त्यांनी दोघांना सोडवलं आणि जोतिबांकडे पाठवून दिलं. नेहमीच्या भाषणात सावित्रीबाई शेण झेलत शाळेला जातात. इथे त्या माहेरच्या गावात, चिडलेल्या जमावासमोर, एकट्या उभ्या आहेत, आणि जमावाला काय सांगितलं तर तो मागे हटेल याचं त्यांना अचूक भान आहे. पत्र दीड-दोन पानांचं असेल नसेल.

त्याच कारणासाठी मी उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) प्रत्येक यादीत घालीन. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना या दोघींनी शोधून काढलं, घरी जाऊन बोलतं केलं आणि ते लिहून ठेवलं. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली होती, हजारो बाया आल्या होत्या. हे किती पदवीधरांना ठाऊक असतं? बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' हे त्याच्या शेजारी ठेवायचं. फलटणला छोटंसं दुकान चालवताना पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतून त्या वाचत गेल्या, आणि लिहिलेलं कितीतरी वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. कर्तबगार बाई म्हणजे पदवी, पुरस्कार किंवा गादी मिळवलेली बाई, असं ज्यांनी मनाशी धरलंय त्यांच्या हातात हे पुस्तक मुद्दाम द्यावं.

अभिनेत्री हंसा वाडकरांचं आत्मचरित्र 'सांगत्ये ऐका' शाळेच्या यादीत कोणी घालणार नाही, हे मला मान्य आहे. पण मोठ्या वाचकांच्या यादीतही ते दबकतच येतं. दारू, संसारातली पळापळ, चुकीची माणसं, सगळं ती बाई स्वतःहून सांगते आणि कोणाकडे दया मागत नाही. इतिहासातला पुरुष व्यसनी असला तर तो आपल्याला 'कलंदर' वाटतो. बाईच्या बाबतीत आपल्याला अजून चारित्र्याचा दाखला लागतो.

आत्मचरित्र म्हणजे सत्यच, असा माझा दावा नाही. रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहिलं. प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची. पुस्तकभर रानडे आहेत. त्यांचं वागणं, त्यांचा संयम, त्यांची शिकवण. रमाबाई स्वतः कुठे दिसतात तर घरातल्या बायकांच्या टोमण्यांत. इंग्रजी शिकते म्हणून, चारचौघांत इंग्रजीतून भाषण वाचलं म्हणून सासरच्या बायकांनी केलेला छळ त्या लिहितात, पण तोही स्वतःची बाजू फारशी न मांडता. हे पुस्तक वाचताना बाई जे सांगत नाही तिकडेही लक्ष ठेवावं लागतं. त्याच्या जोडीला बाया कर्वे यांचं 'माझे पुराण' दिलं तर मजा येते. महर्षी कर्व्यांची ही बायको, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. नवऱ्याची कमाई संस्थेकडे वळली की घरातली चूल कशी पेटवायची हा प्रश्न कोणाच्या वाट्याला येतो, ते ती रोखठोक सांगते. थोर पुरुषांच्या चरित्रात हा खर्च कुठे मांडलेला नसतो. दोन्ही पुस्तकं एकाच मुलीला एकाच वेळी द्यावीत, वाद तिचा ती घालील.

आणि पंडिता रमाबाई. संस्कृतच्या पंडिता म्हणून त्या यादीत येतात, धर्मांतर झालं की बाहेर पडतात. १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेवर 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' लिहिलं. त्यात बाईचं दुःख, सासर, छळ यातलं काही नाही. एक बाई दुसऱ्या देशाची राज्यपद्धती, तिथले व्यवहार, बायकांच्या संस्था तपासून बघतेय, आणि चुका दिसल्या तिथे बोट ठेवतेय. बाईनं लिहिलेलं म्हणजे बाईच्या सोसण्याबद्दलच असणार, ही आपली आणखी एक गैरसमजूत. ती मोडायला हे पुस्तक पुरेसं आहे.

हे सगळं मिळतं कुठे, हा प्रश्न रास्त आहे आणि तिथे माझा युक्तिवाद थोडा लंगडा पडतो. यातली काही पुस्तकं मधूनमधून छपाईबाह्य होतात, आणि कादंबरीच्या मात्र आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहतात. हे आजचं नाही. ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ मध्ये छापली, ५०० प्रती, किंमत नऊ आणे. जोतिबांनी तिची पाठराखण केली. त्यानंतर ते पुस्तक जणू अस्तित्वातच नव्हतं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा उजेडात आणलं. मागणी नसली की असंच होतं. आणि मागणी तयार करायचं काम सुचवणाऱ्यांचं आहे: शिक्षकांचं, ग्रंथपालांचं, महिला मंडळाच्या अध्यक्षांचं, आणि सार्वजनिक ग्रंथालयांच्या खरेदी समितीवर बसणाऱ्यांचं. अनुदानातून पुस्तकं घेताना समितीपुढे ठेवलेल्या यादीवर नुसती सही करायची नसते. गावातल्या 'ब' वर्गाच्या ग्रंथालयानं वर्षाला यातली दोन जरी मागवली तरी प्रकाशकाला ती पुन्हा छापावीशी वाटतील.

भाषा जुनी आहे, मुलांना कळत नाही, या तक्रारीवर माझ्याकडे एकच उत्तर आहे: लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून ते भागाभागांनी आलं. नाशिकजवळच्या जलालपूरचं माहेर, सोवळ्याच्या वेडानं पछाडलेले वडील, ज्यांच्या घरात बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय चालायची नाही आणि मीठसुद्धा त्यातून सुटायचं नाही. मग लग्न, नवरा कवी आणि लहरी, न सांगता घरातून निघून जाणारा, १८९५ मध्ये तिला न विचारता ख्रिस्ती झालेला. त्यानंतरची काही वर्षं ती त्याच्यापासून वेगळी राहिली, मग परत आली तरी वेगळी चूल मांडली, मग एकेक बंधन आपल्या गतीनं सोडत गेली. यातली एकही गोष्ट ती तत्त्व म्हणून सांगत नाही. हसत सांगते, स्वतःच्या फजितीसकट. तिचं लेखन कुठूनही उघडा, पहिल्या पानापासून सुरू करायची गरज नाही. सातवीतल्या मुलीलाही सोवळ्याचं प्रकरण कळतं आणि ती खो खो हसते. धर्मांतराचा भाग तिला आणखी चार वर्षांनी वाचू द्या.